रोबोचा सांगाडा कोकणात घडवायचा तर: थ्रीडी प्रिंट, फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

‘टर्मिनेटर’ चित्रपटांतल्या रोबोच्या सांगाड्याची प्रतिकृती घरी करायची, तर ती पूर्ण उंचीची हवी, की फक्त कवटी आणि हात? साहित्य निवडण्याआधी हे ठरवा. कवटीला जे उत्तम, तेच सहा फुटी सांगाड्याच्या मांडीला कुचकामी ठरू शकतं. दुसरं, मूळ कुठलं धरायचं. १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’चा सांगाडा स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने घडवला आणि १९९१ च्या दुसऱ्या भागाचं कामही त्यांच्याकडेच होतं. मापं आणि छायाचित्रं एकाच चित्रपटाची घ्या. कवटी एकातली आणि कंबर दुसऱ्यातली झाली, तर जाणकाराला ती लगेच खटकते.

पुढची तुलना हर्णै, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यातल्या हवेला धरून आहे. पावसाळ्यात ही हवा ओली असते आणि खारी तर बारा महिने. पुण्यात जमलेली पद्धत इथे जशीच्या तशी जमेलच असं नाही.

थ्रीडी प्रिंट

एकच नग करायचा असेल तर हाच मार्ग. कवटीला ०.१२ मिमी थर, हाडांना ०.२ मिमी आणि बाहेरच्या भिंतीचे पदर चार ठेवा. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक स्वस्त आणि मापाला पक्कं, पण साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला हात वाकतो, आणि सततच्या भाराखाली मांडीचं हाड त्याआधीच हळूहळू कलतं. भार घेणाऱ्या हाडांना पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा आणि आतून स्टीलचा पाइप घाला.

इथला खरा शत्रू ओल. फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, दमट झालं की नोझलमधून चरचर ऐकू येते, धागे सुटतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. पीएलए ४५ ते ५० अंशांना आणि पीईटीजी ६५ अंशांना चार ते सहा तास सुकवा, मग सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कवटीचं प्रिंट दिवसभराहून लांबू शकतं, आणि जूनच्या वाऱ्यात लाईट जाणारच. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर अदलाबदलीच्या क्षणी प्रिंटर रीसेट होतो.

फायबर

दोन किंवा अधिक सांगाडे करायचे असतील, किंवा एकच पण वर्षानुवर्षं टिकणारा हवा असेल, तर आमचं मत फायबरला, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंना. कौशल्य शोधत लांब जावं लागत नाही: बंदरांवर फायबरच्या होड्या होतात, आणि साचा कुठे जोडायचा, कुठे उघडायचा हे गणपतीच्या शाळेतल्या कारागिराला सांगावं लागत नाही.

प्रिंटलाच मूळ नमुना करा, प्रायमर मारून गुळगुळीत घासा आणि त्यावर सिलिकॉनचा साचा घ्या. इथे बऱ्याच जणांचं सिलिकॉन वाया जातं. प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) सिलिकॉन गंधक असलेल्या क्लेवर किंवा द्रव रेझिनच्या प्रिंटरवर काढलेल्या नमुन्यावर जमतच नाही, संपर्काच्या जागी चिकट राहतं. टिन क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनला ही अडचण सहसा येत नाही. ते थोडं आकसतं, पण सांगाड्याला चालतं.

साच्यात अर्धा मिमी जेलकोट (बाहेरून दिसणारा रेझिनचा गुळगुळीत थर), त्यावर चौरस मीटरला ३०० ग्रॅमची काचतंतूंची मॅट दोन थर. सगळं मिळून भिंत दोन मिमीच्या आसपास होते. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पॉलिस्टर रेझिन धरा. किलोला हार्डनर १० ते २० ग्रॅम. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, स्फोट होऊ शकतो. दात, बोटांचे सांधे असे भरीव तुकडे ओतताना टाल्क घाला आणि हार्डनर कमी ठेवा, नाहीतर आतल्या उष्णतेने तडे जातात. पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि रेझिन अर्धवट सुकतं, म्हणून हे काम नोव्हेंबरनंतर काढा.

झटपट सेट होणारं पॉलियुरेथेन रेझिन मात्र इथे टाळा. हवेतल्या पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुकडा पावासारखा फुगतो.

अ‍ॅल्युमिनियम

हातात धरल्यावर खरं वाटतं ते हेच. पण कवटीचे वळसे कोरायला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरीव यंत्र, लागतं, आणि तो खर्च एका नगाला परवडत नाही. लेथवाला ओळखीचा असेल तर फक्त सांधे आणि पिस्टनची नळकांडी ६०६३ या मिश्रधातूच्या नळीतून करून घ्या. स्टेनलेसचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलात तर खाऱ्या हवेत स्क्रूभोवती पांढरी पूड धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश (स्क्रूभोवतीची नळी) हवेत. पिस्टनचे दांडे ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ वर तपकिरी डाग येतात आणि क्रोम चढवलेला साधा दांडा आतून गंजतो.

चकाकी

आरशासारखी चकाकी प्रत्येक ओरखडा दाखवते. १२० पासून १५०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर चढवत न्या, मग चकचकीत काळा बेस. व्हॅक्यूम मेटलायझिंगने, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ चढवून, सर्वात खरी चमक येते, पण अ‍ॅल्युमिनियमचा तो थर अतिशय पातळ असतो. वरून क्लिअर कोट (पारदर्शक लेप) नसेल तर खारं वारं तो खातं. डब्यातला क्रोम स्प्रे सोपा, मात्र नको तो क्लिअर मारला की राखाडी होतो, तेव्हा आधी टाकाऊ तुकड्यावर पाहा. लढाईतून आलेला, काळवंडलेला सांगाडा हवा असेल तर काळ्या बेसवर ग्राफाइट पूड घासा. इथल्या हवेत सर्वात कमी कटकट याचीच. अ‍ॅल्युमिनियम पूड रेझिनमध्ये मिसळून ओतलेला तुकडाही सुंदर उजळतो, फक्त तो स्टील वूलने घासू नका. लोखंडाचे कण अडकून राहतात आणि पहिल्याच पावसात लाल ठिपके उठतात. नायलॉनचा घासणीचा पॅड वापरा.

डोळ्यांना ५ मिमी लाल एलईडी, ५ व्होल्टवर प्रत्येकाला स्वतंत्र १५० ओहम रेझिस्टर. तारांचे जोड सोल्डरचा डाग देऊन हीट श्रिंकमध्ये (गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीत) बंद करा. नुसत्या पिळलेल्या तारा पावसाळाभरात हिरव्या पडतात, आणि कवटी मिटवल्यावर तिथे हात पोचत नाही.