मुरमाच्या ट्रॅकवर अडीच वर्षे: टीम असोसिएटेडची आरसी१०बी६.१डी बग्गी

टीम असोसिएटेडची आरसी१०बी६.१डी ही रिमोटवर चालणारी बग्गी मी अडीच वर्षांपूर्वी, सुटे भाग स्वतः जोडायच्या किटच्या रूपात घेतली आणि तेव्हापासून पावसाळ्याचे महिने सोडले तर जवळजवळ प्रत्येक रविवारी ती चाकणजवळच्या एका मोकळ्या जागेत, मुरूम टाकून आणि पाणी मारून दाबलेल्या ट्रॅकवर पळते आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी ही विजेवरची गाडी आहे. अशी गाडी घेऊ पाहणारे बहुतेक जण ती ताशी किती वेगाने जाते हे आधी विचारतात, आणि माझ्या मते तो प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. एक वायसर बदलल्यावर तो बदल गाडीच्या चालीत कळतो का, आणि बिघडलेला भाग किती स्क्रू काढल्यावर हातात येतो, हे दोन प्रश्न विचारावेत. या दोन्ही कसोट्यांवर ही बग्गी उत्तम आहे, असे मी अडीच वर्षांच्या वापरानंतर पूर्ण विश्वासाने म्हणतो.

या घराण्याची पहिली गाडी, म्हणजे रॉजर कर्टिस यांनी आखलेली मूळ आरसी१०, १९८४ साली आली. सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या चेसिसमुळे (तळाच्या सांगाड्यामुळे) ती ओळखली जाई, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झालेल्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत जे हॅल्सी यांनी दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा किताब तीच गाडी चालवून मिळवला. बी६ ही पिढी २०१६ सालची. तिची मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे असते, आणि नावातला ‘डी’ मोकळ्या मातीसाठी केलेली आवृत्ती दाखवतो. आपल्याकडे गालिच्याचा किंवा कृत्रिम गवताचा ट्रॅक सहसा मिळत नाही, त्यामुळे घेताना हे एक अक्षर नीट पाहून घ्यावे.

किट जोडायला मला चार संध्याकाळी लागल्या. मी टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे भागांची मापे पाहण्याची सवय आहे आणि इथे ती समाधानाने पाहिली. प्रत्येक टप्प्याची पिशवी वेगळी आहे आणि पुस्तिकेत स्क्रूची चित्रे खऱ्या मापाची असल्याने स्क्रू कागदावर ठेवून ताडता येतो. कॅम्बर (चाकांचा उभा कल) आणि स्टिअरिंग यांच्या टर्नबकलवर, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणाऱ्या दांड्यांवर, एका बाजूला खाच आहे. ती खाच सगळीकडे गाडीच्या डाव्या बाजूला ठेवून जोडणी केली, तर पुढे ट्रॅकवर पाना कोणत्या दिशेने फिरवायचा याचा विचार कधीच करावा लागत नाही. लोखंडी स्क्रू धातूत जात असेल तिथे निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावे, प्लास्टिकमध्ये जात असेल तिथे कधीही लावू नये. प्लास्टिकमधला स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात बसल्याचा हलका ‘टक्’ बोटांना जाणवतो, आणि मग सुलटा आवळावा. एवढी एक सवय लावून घेतल्यामुळे माझ्या गाडीतल्या एकाही भोकाचे आटे आजवर गेलेले नाहीत.

गाडीची खरी चाल शॉकमध्ये, म्हणजे तेल भरलेल्या धक्काशोषकांमध्ये आहे, आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो. शॉकमध्ये तेल भरल्यावर पिस्टन पाण्यात बुडवल्यासारखा अगदी हळू वर-खाली करावा. पिस्टनच्या छिद्रांतून मोहरीएवढे बुडबुडे वर येत राहतात, आणि ते थांबल्यानंतरही चारही शॉक निदान पंधरा मिनिटे उभे ठेवावेत, कारण साध्या डोळ्यांना न दिसणारी हवा तेवढ्या वेळात वर येते. टोपी बसवल्यावर दांडा पूर्ण आत दाबून सोडावा आणि तो किती बाहेर येतो हे डाव्या-उजव्या जोडीत ताडून पाहावे. माझ्या पहिल्या जोडणीत मागचा डावा दांडा उजव्यापेक्षा जवळपास ४ मिलिमीटर जास्त बाहेर येत होता. मी ते चालवून घेतले, आणि दोन रविवार प्रत्येक उडीनंतर गाडी एका कुशीवर का उतरते याचे कारण चाकांत शोधत बसलो. शेवटी शॉक उघडून तेल पुन्हा भरले आणि त्याच दिवशी ती सपाट उतरू लागली.

तेलाच्या आकड्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बाटलीवरचे ‘३०’ किंवा ‘३५’ हे दाटपणाचे (‘वेट’चे) आकडे सर्व कंपन्यांत सारखे नसतात. असोसिएटेडचे ३० म्हणजे ३५० सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), ३५ म्हणजे ४२५ आणि ४० म्हणजे ५००, तर दुसऱ्या कोणाचे ३० यापेक्षा पातळ किंवा दाट असू शकते. एकदा घाईत एका दुकानातून आणलेल्या बाटलीवर सेंटिस्टोकचा आकडाच नव्हता. ते तेल मागच्या शॉकमध्ये घातल्यावर गाडी उडीवरून उतरताना दर वेळी चेसिस जमिनीला आपटू लागली. तेव्हापासून मी फक्त सेंटिस्टोक छापलेले तेल घेतो. सिलिकॉनचे तेल उष्णतेने पातळ होते, आणि पुण्याकडे डिसेंबरातल्या सकाळी १२ अंश तर एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान असते, म्हणून मी थंडीत पुढे ३५ आणि मागे ३० वापरतो आणि मार्च लागला की पुढे ४० आणि मागे ३५ करतो. जो हे करत नाही, त्याला उन्हाळ्यात गाडी अचानक बिघडल्यासारखी वाटते, आणि मग तो नको त्या ठिकाणी हात घालतो.

जमिनीपासूनची उंची मोजण्याआधी बॅटरीसकट तयार गाडी टेबलावर वीतभर उंचीवरून सोडून द्यावी आणि तिला स्वतःच्या वजनाने बसू द्यावे. आमच्या ट्रॅकवर मला २३ मिलिमीटर योग्य वाटते. मागचे टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळवलेली) ३ अंश, चारही चाकांना उणे १ अंश कॅम्बर (चाकाची वरची कड आत), ही सुरुवात पुरेशी आहे. यानंतर एका वेळी एकच बदल करावा, आणि या गाडीची किंमत इथे वसूल होते. पाणी सुकून दुपारी मुरमावर फुफाटा आला की मागची बाजू वळणात सुटू लागते. अशा वेळी मागच्या कॅम्बर लिंकच्या (कॅम्बर ठरवणाऱ्या वरच्या दांड्याच्या) आतल्या बॉलस्टडखाली, म्हणजे ती जिथे अडकते त्या गोल डोक्याच्या स्क्रूखाली, १ मिलिमीटरचा एक वायसर वाढवावा. लिंक थोडी आडवी होते, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली येते, गाडी वळणात जराशी जास्त कलते आणि मागच्या चाकांना माती सापडते. माझी मुलगी रिमोट चालवते आणि मी काय बदलले हे तिला आधी सांगत नाही. दुसऱ्या फेरीत तिने “बाबा, मागून धरते आहे आता” असे म्हटले, तेव्हा या मिलिमीटरभर पत्र्यावर माझा कायमचा विश्वास बसला. अर्थात टायर चुकीचे असतील तर वायसर काहीही करू शकत नाही. मोकळ्या मुरमावर मला प्रो-लाइनच्या होल शॉटचा अनुभव चांगला आला, आणि आपल्या ट्रॅकवर टायरवरचा कोणता रबरी खिळा धरतो हे ठरेपर्यंत सेटिंगला हात लावूच नये.

बॉल डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गोळ्यांचा डिफरन्शियल, हा या गाडीचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत समाधान देणारा भाग आहे. दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये छोट्या गोळ्या घासतात आणि एक स्क्रू स्प्रिंगद्वारे त्यांना दाबून धरतो, एवढीच त्याची रचना आहे. चकत्यांमधल्या या गोळ्यांना सिलिकॉनचे डिफ ग्रीस आणि स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगला काळे ग्रीस लागते. यांची अदलाबदल झाली की डिफ घसरते. स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत स्क्रू आवळावा आणि तिथून एक अष्टमांश फेरा ढिला करावा. नंतर स्पर गिअर (मोटरवरच्या छोट्या पिनियन गिअरने फिरणारे मोठे चक्र) आणि एक मागचे चाक घट्ट धरून दुसरे चाक फिरवून पाहावे. ते मोठ्या कष्टानेच फिरले पाहिजे. स्लिपर क्लच (अचानक जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) नेहमी डिफच्या आधी घसरेल असा ठेवावा, कारण स्लिपरचे पॅड स्वस्त आहेत आणि डिफच्या चकत्या महाग. मी एका मोसमात आठ महिने डिफ उघडलेच नाही. चाक हाताने फिरवताना वाळूची कचकच जाणवू लागली होती, तरीही मी चालवत राहिलो, आणि उघडले तेव्हा दोन्ही चकत्यांवर नखाला लागेल असा चर पडलेला होता. चूक सर्वस्वी माझी होती. आता दर १५ बॅटऱ्यांनंतर मी ते उघडतो, आणि गिअरबॉक्सची रचना सोपी असल्यामुळे संपूर्ण काम पाऊण तासात आटोपते.

मुरमाची धूळ फार बारीक असते आणि ती बेअरिंगच्या रबरी झाकणाखालून आत शिरते. गाडी पाण्याने कधीही धुऊ नये. रंगकामाचा एक इंची ब्रश आणि कंप्रेसरची कमी दाबाची हवा पुरेशी आहे, मात्र हवा मारताना बेअरिंग फिरू देऊ नये. पुढच्या चाकांची बेअरिंगे सर्वांत आधी जातात. सुईने झाकण उचलून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळखळून, वाळवून, एकच थेंब पातळ तेल घातले की ती पुन्हा कामाला लागतात. शॉक सोडवून प्रत्येक आर्म (चाक धरणारा खालचा हात) हाताने उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला नाही तर पिन काढून पुसावी, पण तिला तेल लावू नये, कारण तेल धूळ धरून ठेवते. पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वर्तमानपत्राची एक पट्टी घालून गिअर लावावेत. पट्टी सुरकुतून, पण न फाटता बाहेर आली म्हणजे अंतर बरोबर आहे.

मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर), रिमोट, बॅटरी आणि पिनियन किटमध्ये येत नाहीत, हे अंदाजपत्रक करताना लक्षात ठेवावे. मी १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर वापरतो आणि धावेनंतर तिचे तापमान ७० अंशांच्या वर गेले तर पिनियनचा एक दात कमी करतो. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घरी आल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कधीही सोडू नये.

माझी एकच खंत सुट्या भागांची आहे, आणि तिचा संबंध गाडीच्या रचनेशी नाही. ट्रॅकच्या कडेचा पाइप आदळून पुढचा उजवा आर्म तुटला तेव्हा नवा आर्म परदेशातून यायला पाच आठवडे लागले, आणि मोसमातले सर्वांत चांगले रविवार गाडी टेबलावर बसून गेली. म्हणून किटबरोबरच पुढच्या आर्मचे दोन संच, एक मागचा संच, डिफच्या चकत्या आणि गोळ्या, आणि स्पर गिअर मागवावेत. शोभेचे रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे भाग पहिल्या वर्षी घेऊ नयेत; ते पैसे टायरसाठी ठेवावेत. पहिल्या आठवड्यात फक्त पळवायची गाडी हवी असेल, तर तयार मिळणारी घ्यावी. टेबलावर दिवा लावून बसायची आवड असलेल्याने मात्र हीच घ्यावी. मुलीने बॉडीच्या पारदर्शक कवचाला आतून दिलेला निळा रंग उड्यांमुळे कडेने निघाला आहे, तेवढा सोडला तर आमची गाडी आज पहिल्या दिवसापेक्षा चांगली चालते.