कुकर, ओव्हन की बी क्लास? नव्या डेंटल क्लिनिकसाठी ऑटोक्लेव्ह निवडताना

नव्या क्लिनिकच्या खरेदीच्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. वर चेअर, मग कंप्रेसर, एक्स-रे, सेन्सर, एसी, बाहेरचा बोर्ड. ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, तळाला. कर्जाची रक्कम संपत आली की पहिली काट त्याच ओळीवर बसते. माझ्याकडे दोन वर्षं काम केलेला एक मुलगा आता तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक टाकतोय. परवा तो तीन पर्याय घेऊन आला. पहिला कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह, काही हजारांत मिळणारा. दुसरा एका बंद झालेल्या क्लिनिकमधला हॉट एअर ओव्हन, अगदी स्वस्तात. तिसरा व्हॅक्यूम पंपाचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे बी क्लास, ज्याचा आकडा लाखाच्या घरात जातो. "सर, खरंच एवढा फरक आहे का?" त्यानं विचारलं. फरक आहे, पण सगळीकडे सारखा नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

एअरोटरपासून सुरुवात करा

दात काढायचा चिमटा भरीव स्टीलचा असतो. तो नीट घासला, धुतला आणि नीट तापवला, तर वरच्या तिन्ही यंत्रांतून तो निर्जंतुक होऊन बाहेर येईल. खरी परीक्षा एअरोटरची, म्हणजे दात कोरायच्या, हवेवर फिरणाऱ्या ड्रिलची. त्याच्या पोटात हवेच्या आणि पाण्याच्या बारीक नळ्या आहेत, टर्बाइन आहे, बेअरिंग आहे. पायातलं पेडल सोडलं की टर्बाइन थांबता थांबता तोंडातली लाळ आणि रक्त थोडं आत ओढून घेतं. पुढच्या पेशंटला तोच एअरोटर लावला की आतलं बाहेर येतं. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतल्या नळीत काहीच होत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस टिकतो, हे लक्षात ठेवलं तर "पुसून घेतलाय ना" या उत्तराची किंमत कळते.

हत्यारांच्या संसर्गाच्या धोक्यानुसार केलेल्या स्पॉल्डिंगच्या वर्गवारीत, म्हणजे कॉलेजात पाठ केलेल्या त्या क्रिटिकल, सेमी-क्रिटिकल, नॉन-क्रिटिकलमध्ये, एअरोटर मधल्या गटात बसतो. तरीही अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या, मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की एअरोटरसारखा हँडपीस दोन पेशंटच्या मध्ये उष्णतेनंच निर्जंतुक करायचा. म्हणून यंत्र निवडताना एकच गोष्ट धरून ठेवा: पाऊचमध्ये, म्हणजे सील केलेल्या कागदी पाकिटात, घातलेल्या एअरोटरच्या आतपर्यंत वाफ पोचते का?

जे विचारातच घेऊ नये

पाण्यात उकळणं १०० अंशांवर थांबतं. साधे जिवाणू मरतात, बीजाणू म्हणजे स्पोअर तग धरतात. यूव्ही कपाटातला निळा प्रकाश समोरच्या पृष्ठभागावर पडतो, सावलीत आणि नळीत नाही. त्यात निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायला हरकत नाही, पण निर्जंतुक करायला ते कपाट नाही. रूट कॅनालच्या फाइल्स बुडवायचा काचेच्या मण्यांचा स्टेरिलायझरही आता सोडून द्या. फाइलचं टोक तापतं, मूठ तशीच राहते.

ग्लुटराल्डिहाइडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्या द्रावणाचा ट्रे अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. दोन टक्क्यांच्या द्रावणात हत्यार बुडवून स्पोअर मारायला साधारण दहा तास लागतात. वीस मिनिटांत जे होतं ते उच्च दर्जाचं डिसइन्फेक्शन, स्टेरिलायझेशन नाही. त्या दहा तासांत कुणी मध्येच एक चिमटा टाकला की घड्याळ पुन्हा शून्यावर. बाहेर काढलं की निर्जंतुक पाण्यानं धुवायचं, मग पाऊच नाही, साठवण नाही. वर डोळे चुरचुरतात, काहींना दमा होतो. उष्णता अजिबात न सोसणारी एखादी वस्तू असेल तर तिच्यापुरतं ठीक. रोजचं काम त्यावर चालवू नये.

ओव्हन: चांगला, पण अर्ध्या कामाचा

हॉट एअर ओव्हनला मी वाईट म्हणणार नाही. १६० अंशांवर दोन तास किंवा १७० वर एक तास, ही मोजणी हत्यारं त्या तापमानाला पोचल्यावर सुरू करायची. इतकं पाळलं तर तो चोख काम करतो. कार्बन स्टीलच्या हत्यारांना त्यात गंज चढत नाही, धार जात नाही. पाणी नको, गॅस्केट नको.

पण कापूस आणि कागद करपतो, प्लास्टिक वितळतं, आणि एअरोटर त्या उष्णतेत टिकत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचं, नेमकं तेच त्यात घालता येत नाही. शिवाय तापायला, धरायला आणि थंड व्हायला मिळून अर्धी ओपीडी निघून जाते. त्या मुलाला म्हटलं, ओव्हन स्वस्तात मिळतोय तर घेऊन ठेव, पण हा तुझा ऑटोक्लेव्ह नव्हे.

कुकर आणि बी क्लास समोरासमोर

दोन्हीत मारेकरी एकच, दाबाखालची वाफ. स्वयंपाकघरातलं उदाहरण पुरेसं आहे. भट्टीसमोर क्षणभर हात धरला तर चटका बसतो, कुकरच्या शिट्टीची वाफ लागली तर फोड येतो. वाफ थंड वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं, आणि एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना साधारण ५४० कॅलरी उष्णता त्या वस्तूत उतरते. ओव्हनला दोन तास लागतात ते काम वाफ काही मिनिटांत करते, ते यामुळे.

या वाफेचा शत्रू म्हणजे भांड्यात अडकलेली हवा. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकातला तक्ता आठवा. १५ पौंड दाबावर सगळी हवा बाहेर गेली असेल तर आत १२१ अंश. अर्धीच गेली असेल तर ११२. अजिबात गेली नसेल तर १००, म्हणजे निव्वळ उकळणं. तिन्ही वेळा काटा १५ वरच. काटा दाब दाखवतो, तापमान नव्हे.

कुकर प्रकारात ही हवा तुम्ही किंवा तुमची असिस्टंट हातानं घालवते. कॉक, म्हणजे झाकणावरची हवा सोडायची तोटी, उघडा ठेवायचा, वाफेची सलग धार येईपर्यंत थांबायचं, मग बंद करायचा, १५ पौंड झाल्यावर वेळ धरायची. पाऊचमधल्या हत्यारांना १२१ अंशांवर ३० मिनिटं द्या. ओपीडीत बारा जण बसलेले असताना तो कॉक लवकर बंद होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. आणि कॉक कितीही नीट सांभाळला, तरी एअरोटरच्या नळीतली हवा नुसती खाली बसून निघून जाईल याची खात्री नाही. दुसरी अडचण सुकवण्याची. कुकरमधून पाऊच ओले निघतात. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात, त्यामुळे ओला पाऊच कपाटात ठेवला की तो उघडाच समजायचा.

बी क्लासमध्ये व्हॅक्यूम पंप असतो. तो हवा खेचून काढतो, वाफ सोडतो, पुन्हा खेचतो, असं तीन-चार वेळा. मग १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं, आणि शेवटी पुन्हा व्हॅक्यूम लावून सुकवणं. नळीच्या तळापर्यंत वाफ जाते आणि पाऊच कोरडा निघतो. फरकाचे पैसे आपण या दोन गोष्टींसाठी मोजतो.

इथे एक सापळा आहे. पुढून दार उघडणारा प्रत्येक टेबलटॉप ऑटोक्लेव्ह बी क्लास नसतो. युरोपियन मानक ईएन १३०६० मध्ये एन, एस आणि बी असे तीन वर्ग आहेत. एन क्लास दिसायला तसाच, पण त्यात व्हॅक्यूम नाही. तो भरीव, न गुंडाळलेल्या हत्यारांपुरता. विक्रेता "फ्रंट लोडिंग आहे, डिजिटल आहे" म्हणाला तर वर्ग कोणता ते कोटेशनवर लिहून मागा.

आता कुकरची बाजू. बी क्लास साधारण दोन किलोवॅट खातो, म्हणजे क्लिनिकच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. सायकलच्या, म्हणजे निर्जंतुक करायच्या एका पूर्ण फेरीच्या, मध्येच लाइट गेली तर सायकल रद्द, पुन्हा पहिल्यापासून. त्याला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. बोअरचं जड पाणी घातलंत तर काही महिन्यांत हीटरवर पांढरा थर बसतो. दाराचं गॅस्केट, फिल्टर, पंप ही सगळी खर्चाची कामं आहेत, आणि इंजिनियर जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत क्लिनिक थांबतं. कुकर गॅसवरसुद्धा चालतो, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि गॅस्केट कुठेही मिळतं. म्हणून बी क्लास घेणाऱ्यानंही एक छोटा कुकर माळ्यावर ठेवावा, असं माझं मत आहे.

वेळेचा हिशेब

बी क्लासची गुंडाळलेल्या हत्यारांची सायकल सुकवण्यासकट पाऊण तासाची धरा. त्यात धुणं, एअरोटरला तेल देणं, पाऊच सील करणं आणि थंड होणं मिळवलं की एक एअरोटर तोंडातून निघून परत तोंडात जायला सव्वा तास लागतो. दर अर्ध्या तासाला एक पेशंट असेल तर चार एअरोटर हवेत, एक दुरुस्तीला गेला तर पाच. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. लाखाचा ऑटोक्लेव्ह आणि एकच एअरोटर असलेलं क्लिनिक दुपारी बारानंतर पुन्हा स्पिरिटच्या बोळ्यावर येतं. ते माणसाच्या आळसामुळे होत नाही, हिशेबच तसा असतो.

जो कागद कुणी मागत नाही

पाऊचवरची पट्टी काळी झाली म्हणजे हत्यार निर्जंतुक झालं असं नाही. पट्टी फक्त एवढंच सांगते की हे पाकीट उष्णतेतून गेलंय. खात्री देते ती स्पोअर टेस्ट. छोट्या व्हायलमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू असतात, वाफेला सगळ्यात चिवट तोंड देणारे. व्हायल सायकलमध्ये ठेवायची, मग ५५ ते ६० अंशांवर इनक्युबेट करायची. जांभळी राहिली तर बीजाणू मेले, पिवळी झाली तर जिवंत.

मी कुकरवर होतो तेव्हाची गोष्ट. काटा १५ वर, वेळ बरोबर, बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर व्हायल लिंबासारखी पिवळी. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. चूक ड्रममध्ये सापडली. कापूस-गॉजच्या ड्रमला कडेनं भोकांची सरकती पट्टी असते. आत ठेवताना ती उघडायची आणि बाहेर काढल्यावर लगेच बंद करायची. नव्या मुलीला मी दुसरा भाग सांगितला होता, पहिला राहून गेला होता. पाच दिवस बंद ड्रममधला कापूस गरम होत होता, निर्जंतुक होत नव्हता. त्या पाच दिवसांत ज्यांचे दात काढले त्या सगळ्यांना फोन करून बोलावलं, जखमा पाहिल्या. त्या दिवसापासून टेस्ट दर आठवड्याला, आणि तारीख टाकलेली वही.

२०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एका ओरल सर्जनच्या सुमारे ७,००० पेशंटना तपासणीला बोलवावं लागलं, आणि डेंटल क्लिनिकमध्ये एका पेशंटकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी गेल्याचं अमेरिकेतलं पहिलं नोंदलेलं प्रकरण त्यातून उघड झालं. तिथल्या तपासणीत गंजलेली हत्यारं सापडली, आणि ऑटोक्लेव्हची टेस्ट सहा वर्षांत झाली नव्हती. यंत्र होतं, वही नव्हती.

आणि यंत्राबाहेरचं पाणी

तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचं प्रकरण प्रत्येक डेंटिस्टनं वाचायला हवं. तिथल्या एका क्लिनिकशी जोडलेल्या दहा पेशंटना २०२२-२३ मध्ये मेंदूचा मेलिऑइडोसिस हा जंतुसंसर्ग झाला आणि त्यातले आठ दगावले. कारण बुर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा माती-पाण्यातला जिवाणू. संशय गेला तो सलाइनच्या बाटलीवर. बाटली पेरिऑस्टिअल एलिव्हेटरनं, म्हणजे हाडावरून हिरडी सोडवायच्या हत्यारानं, उघडायची, कापसाचा बोळा खोचून ठेवायची आणि पुढच्या पेशंटला तीच वापरायची, अशी पद्धत होती. अशा ठिकाणी बी क्लास असून काय करणार? एका पेशंटला एक सलाइन, उरलेलं ओतून द्यायचं. चेअरच्या नळ्यांमध्ये बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा बुळबुळीत थर, जमतेच, तेव्हा दोन पेशंटच्या मध्ये एअरोटर, स्केलर आणि सिरिंज २० ते ३० सेकंद सोडा. हाड उघडं असेल तिथे चेअरचं पाणी नकोच.

मग घ्यायचं काय?

इम्प्लांट, अक्कलदाढेच्या सर्जरी किंवा दिवसाला दहाच्या वर पेशंट डोक्यात असतील तर बी क्लास घ्या, हप्त्यानं घ्या, सेन्सर सहा महिने पुढे ढकला. हातात खरोखरच पैसे नसतील तर कुकर चालेल, पण अटी आहेत. कॉकची जबाबदारी एकाच माणसाकडे हवी, पाऊच पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात जाता कामा नये, स्पोअर टेस्ट दर आठवड्याला, आणि व्हॅक्यूमवाला येईपर्यंत सर्जरीच्या केसेस दुसरीकडे पाठवायच्या. मधला एन क्लास मी सुचवत नाही. कुकरपेक्षा पुष्कळ महाग, आणि एअरोटरचा प्रश्न तिथेच.

डेमोला जाताना स्वतःचा एअरोटर तेल देऊन, पाऊचमध्ये सील करून बरोबर न्या. हेलिक्स टेस्ट समोर करून दाखवायला सांगा. लांब बारीक नळीच्या टोकाशी असलेल्या पट्टीचा रंग पूर्ण बदलला पाहिजे. सायकल संपली की दहा मिनिटांनी पाऊच हातात घ्या आणि कागदाच्या बाजूनं अंगठा फिरवा. ओल लागली तर पुढची बोलणी नकोत. कोरडा असेल तर इंजिनियर कुठल्या गावी बसतो आणि किती तासांत पोचतो, ते कोटेशनवर लिहून घ्या, आणि मगच किमतीचं बोला.