ड्रिफ्टिंगसाठी लॉजिटेक जी२९: हात सैल सोडल्यावर चाक किती झपाट्याने फिरतं?

ड्रिफ्टिंग म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवणं. मागची चाकं घसरली, हात सैल सोडले, की स्टीअरिंगने स्वतःच उलट्या दिशेला पळायला हवं. ड्रिफ्टिंगसाठी व्हीलची पारख इथेच होते, आणि जी२९ हे गेमसाठीचं स्टीअरिंग व्हील इथे थोडं कमी पडतं. त्याच्या दोन मोटरी गिअरमधून जोर देतात. बेल्टवर चालणाऱ्या थ्रस्टमास्टर टी३००पेक्षा ते खडखडतं आणि सुस्तही आहे. तरी पीसीवर ‘असेटो कोर्सा’ या रेसिंग गेममध्ये ड्रिफ्ट शिकायला ते नक्की पुरतं, फक्त सेटिंग मनापासून करायला हवं.

आधी जी हब या लॉजिटेकच्या सेटिंग ॲपमधली सेंटरिंग स्प्रिंग बंद करा. ती चाक मध्याकडे ओढत राहते आणि काउंटरच्या, म्हणजे वळणाच्या उलट स्टीअरिंग फिरवण्याच्या, आड येते. खेळात चाकाचा फिरण्याचा कोन ९०० अंश तसाच ठेवून जी हबमध्ये ७२० करा. मग पूर्ण लॉकसाठी, म्हणजे मध्यापासून एका टोकापर्यंत, सव्वाऐवजी एकच फेरी लागते आणि सुस्तपणा बराच झाकला जातो. गिअरमधल्या ढिलेपणामुळे चाक मध्यावर निर्जीव वाटतं. त्यासाठी खेळातला ‘मिनिमम फोर्स’, म्हणजे मोटरचा किमान जोर, थोडाथोडा वाढवा. सरळ रस्त्यावर चाक थरथरायला लागलं, की एक पायरी मागे या. खेळातल्या पेडल दाखवणाऱ्या ॲपमधली फोर्सची पट्टी सारखी लाल होत असेल तर गेन, म्हणजे एकूण जोर, कमी करा. असेटो कोर्सा चालवायच्या ‘कंटेंट मॅनेजर’ ॲपमधला जायरोचा पर्याय चालू करून बघा, चाक परत फिरताना त्याची मदत होते.

हँडब्रेक सोबत येत नाही, ही मोठी उणीव. बटणावर लावला तर एक तर शून्य नाही तर पूर्ण. मागची चाकं एकदम लॉक होतात. म्हणून सुरुवात क्लच किकनेच करावी. जी२९ला तिसरं पेडल आहे, हे त्याचं मोठं बळ. बीएमडब्ल्यू एम३ ई३० ड्रिफ्ट घ्या, ऑटो क्लच बंद, दुसरा गिअर. वळणात शिरताना ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून क्लच झटक्यात दाबून सोडा. मागचं टोक निघालं की हात सैल, आणि चाक हवं तिथे पोचताच पकडा.

गाडी आतल्या बाजूला गरकन फिरली, तर चाक उशिरा सुटलं किंवा ॲक्सिलरेटर जास्त राहिला. उलट बाजूला फेकली गेली, तर पाय एकदम उचलला गेला: मागच्या टायरना पकड मिळाली, पण पुढची चाकं अजून काउंटरमध्येच होती. पाय हळूहळू कमी करत त्याच वेळी चाक सरळ आणा.

जी२९ घरात असेल तर बदलू नका, आधी ॲनालॉग, म्हणजे किती ओढला ते ओळखणारा, यूएसबी हँडब्रेक घ्या. नवीन घेताय आणि दुसऱ्या गाडीला चिकटून टँडम करायचंय? मग डायरेक्ट ड्राइव्हसाठी, म्हणजे चाक थेट मोटरवर बसवलेल्या व्हीलसाठी, पैसे साठवा.

पेडलखालचे दाते गालिच्यातच रुततात. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक क्लच किकला सगळा संच मागे सरकतो. तो भिंतीला टेकवून ठेवा.