बागेतलं टेबल की गच्चीवरचं?

मार्चमध्ये पुण्यात उघड्यावर जेवायचं, तर झाडाखालचं गार्डन रेस्टॉरंट घ्यावं की रूफटॉप? दिव्यांच्या माळा दोन्हीकडे सारख्याच, त्या सोडून द्या.

आधी उकाडा. दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास असतो. दिवसभर तापलेला स्लॅब, सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळला तरी, बराच वेळ खालून धग मारतो. म्हणून गच्ची आठनंतरच. बागेत सातलाच बरं वाटतं, पण नेमके तेव्हाच डास! ते टेबलाखाली घोट्यांना चावतात. मलम आधी तिथे लावा. पिंपळाखालचं टेबल टाळा, पानगळीत पानं थेट ताटात.

गच्चीवर वाऱ्यानं जेवण झटकन निवतं. तंदुरी रोटी बघता बघता चामट होते. एका वेळी दोनच मागवा, आणि कठड्यालगतचं टेबल फोटोपुरतंच ठीक.

खर्चाचं म्हणाल तर गच्चीवर कव्हर चार्ज (नुसतं आत जाऊन बसण्याचे पैसे) आहे का, ते फोनवरच विचारा. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते का, हेही.

आजी-आजोबा, लहान मुलं, लवकर जेवण: बाग. रात्री निवांत गप्पा मारणारे चौघं: गच्ची. एप्रिल उजाडला की वळवाचा भरवसा नाही. आत टेबल मिळेल तिथेच बुकिंग करा.