सेवेचं पद सोडू की राहू? ८ दिवसांच्या मौन रिट्रीटचा माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, ८ दिवसांत कोणीतरी आपल्याला 'सोड' किंवा 'रहा' असं सांगेल या आशेने जाणार असाल तर जाऊ नका. मी तशीच गेले होते. मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) पूर्णवेळ काम, तरुण संघ आणि संडे स्कूल दोन्ही माझ्याकडे, ९ वर्षं झाली होती, आणि राजीनाम्याचा ड्राफ्ट १४ महिने मोबाईलच्या नोट्समध्ये पडून होता. पाठवायची हिंमत नाही आणि डिलीट करवत पण नाही.

सेंटर कॅथलिक संस्थेचं आहे, मी प्रोटेस्टंट. फोनवर विचारलं चालेल का, तर म्हणाले चालेल, बायबल तुमचंच आणा. तिथे कोणी माझ्या पंथावरून एक शब्द बोललं नाही, उगाच टेन्शन घेऊन गेले होते. पद्धत सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांची. दिवसातून ४ वेळा एकेक तास बायबलमधला एखादा उतारा घेऊन प्रार्थनेत बसायचं, रोज ४५ मिनिटं मार्गदर्शकाशी भेट, रात्री दिवसाचा आढावा, बाकी सगळं मौन, जेवताना सुद्धा. मोबाईल पहिल्याच संध्याकाळी कापडी पिशवीत घालून ऑफिसात जमा. पहिले दोन दिवस मला सारखं वाटायचं की खिशात फोन वाजतोय, हात आपोआप जायचा. मंडळीत कोणाचं तरी काहीतरी अडलं असेल आणि मी नाही तिथे, हाच विचार डोक्यात.

आता मुख्य गोष्ट, मार्गदर्शक. मला एक वयस्कर सिस्टर मिळाल्या. पहिल्या भेटीत मी पाऊण तास नुसती बोलत होते, कमिटीत काय झालं, कोण काय बोललं, पालकांच्या तक्रारी, सुट्टी कशी मिळत नाही, सगळं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी म्हणलं सिस्टर माझ्याकडे पत्र तयारच आहे. तर त्या म्हणाल्या, "बरं. किती वाजता लिहिलंत?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी ऑफिसातून पिशवी आणून माझा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या बघा. बघितलं तर पहिल्यांदा लिहिलं ते रविवारी रात्री, आणि नंतर जेव्हा जेव्हा उघडून बदल केले ते पण आठवेना की दुसऱ्या कुठल्या वारी कधी केलेत. दिवसभराची उपासना, मग मीटिंग, मग घरी येऊन अंधारात बसून टाईप करायचं. १४ महिन्यांत एकदाही सकाळी, झोप झालेली असताना, मी ते पत्र उघडलेलं नव्हतं.

इग्नेशियसचा नियमच आहे तसा, मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. इग्नेशियसना हे कळलं कसं तेही सिस्टरनी सांगितलं. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि माणूस महिनोनमहिने अंथरुणावर. पडल्या पडल्या दिवास्वप्नं बघायचे. शूर सरदार होऊन नाव कमवायची स्वप्नं बघताना मजा यायची पण ती संपली की आतून कोरडं वाटायचं. संतांसारखं जगावं असा विचार केला की नंतरही आनंद टिकून रहायचा. विचार करताना कसं वाटतं हे नाही, विचार संपल्यावर मागे काय उरतं हे बघायचं. मी इतकी वर्षं मुलांना पाचारणावर, म्हणजे देवाच्या बोलावण्यावर, शिकवत आलेय पण हे मला कोणी असं नीट सांगितलं नव्हतं.

एक मात्र सिस्टरनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितेय. जिथे कोणावर अत्याचार होतोय, मुलं सुरक्षित नाहीत, पैशांत खोटेपणा करायला लावतायत, तिथे हा थांबायचा नियम धरून बसायचं नाही. तिथे आधी सुरक्षित व्हायचं आणि सांगायला हवं त्याला सांगायचं. थकवा वेगळा आणि अन्याय वेगळा. 'देव तुझी परीक्षा बघतोय' असं म्हणून लोकांना चुकीच्या जागी वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं मी जवळून बघितलंय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायबलमधला १ राजे १९ वा अध्याय दिला. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो तो. मी याच्यावर संदेश सुद्धा दिलेत, पण या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं की देव त्याला लगेच काही समजावत नाही. झोपू देतो, खायला देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. मग ४० दिवसांचा प्रवास, आणि 'तू इथे काय करतोयस' हा प्रश्न त्यानंतर, तोही दोनदा. आणि शेवटी काम पण मिळतं आणि हाताखाली अलीशा पण मिळतो. गणना ११ मध्ये मोशे म्हणतो हे ओझं मला पेलत नाही, मारूनच टाक, तिथे उत्तर म्हणून ओझं वाटून घ्यायला ७० वडीलधारी माणसं मिळतात. म्हणजे दर वेळी प्रश्न पद सोडण्याचाच असतो असं नाही, कधी झोपेचा असतो, कधी माणसांचा. मी तर त्या दोन दिवसांत नुसती झोपले. सिस्टर म्हणाल्या हीच तुमची प्रार्थना.

मग चौथ्या आणि पाचव्या दिवशी 'मी राहायचं ठरवलंय' असं मनाशी धरून वावरायचं आणि सहाव्या दिवशी 'मी सोडायचं ठरवलंय' असं. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा. राहायचं ठरवलेल्या दिवशी सकाळी हायसं वाटलं, नवीन वर्षाचा प्लॅन पण डोक्यात आला, आणि दुपारपर्यंत सगळं विरून गेलं. सोडायच्या दिवशी भीती खूप वाटली पण संध्याकाळी एक चित्र सारखं परत यायचं, गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये एका आजींच्या उशाशी बसून स्तोत्र वाचत होते, कोणाला रिपोर्ट द्यायचा नव्हता, घाई नव्हती. ते चित्र रात्रीपर्यंत टिकलं, दुसऱ्या दिवशी पण होतं. सातव्या दिवशी आणखी दोन गोष्टी होत्या, आपल्यासारख्याच अडचणीत असलेल्या अनोळखी माणसाला काय सल्ला दिला असता ते लिहायचं, आणि आपण मरणशय्येवर आहोत असं धरून मागे वळून बघायचं. दुसरी मला जमली नाही, नुसतं रडू आलं, त्यावर सिस्टरनी जोर केला नाही.

या सगळ्यातून माझं एक मोठं कोडं सुटलं. मी 'सेवा सोडू का' असा प्रश्न घेऊन फिरत होते आणि म्हणून अपराधी वाटायचं, येशू म्हणतो तसं नांगराला हात घालून मागे बघतेय असं. खरा प्रश्न 'हे पद सोडू का' एवढाच होता. प्रेषित पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला, इफिसात ३ वर्षं, आणि निघाला तेव्हा तो सेवा सोडून चाललाय असं कोणी म्हणलं नाही. आपल्या मराठीत कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. पद आणि पाचारण एकाच वेळी संपतात असं नाही, हे मला ९ वर्षांनी कळलं.

आता एक स्टार का कापला ते. अर्जासोबत मंडळीच्या पुढाऱ्यांचं शिफारसपत्र मागतात. अहो, जो पद सोडायचा विचार करतोय तो त्याच लोकांकडे पत्र कसं मागेल? मी 'आत्मिक नूतनीकरण' असं कारण सांगून आणलं आणि ते मला आजपर्यंत खटकतंय, हे पत्र बंदच करायला पाहिजे. दुसरं, जोडीदाराला यात कुठेच जागा नाही. निर्णय दोघांच्या आयुष्याचा असतो, माझ्या नवऱ्याला सगळं फोन परत मिळाल्यावर एका दमात सांगावं लागलं, बिचारा गोंधळला. एक भेट तरी दोघांची हवी होती. आणि व्यवहाराबद्दल कोणी काही बोलत नाही. ज्यांचं घर पदासोबत मिळालेलं आहे त्यांनी सोडल्यावर किती दिवसांत खाली करायचं, फंडाचं काय, नोटीस किती, हे जाण्याआधीच लेखी बघून ठेवा, कारण शांत मनाने बसायचं आणि डोक्यात घरभाड्याची काळजी, हे होत नाही.

नंतर फॉलोअप म्हणून एकच फोन येतो, महिन्याने. तोही कमीच वाटला.

मी तिथून निर्णय न घेता परत आले. सिस्टरनी सांगितलं होतं की बरे दिवस येऊ द्या आणि तेव्हा ते चित्र अजून आहे का बघा. तर बरे दिवस आले खरंच. मुलांचं शिबिर छान झालं, कमिटीत पहिल्यांदाच कोणीतरी आभार मानले, ज्यांच्यावर राग होता त्यांच्याशी बोलणं पण झालं, राग राहिला नाही. आणि तरी जायचंच वाटत होतं, शांतपणे, भांडण नसताना. मोबाईलमधला तो ड्राफ्ट दोन पानांचा होता, तो डिलीट केला. बुधवारी सकाळी १० वाजता नवीन लिहिलं, ४ ओळी झाल्या.

पाळकसाहेबांना हातात नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कोणी काही बोललं का तुला?"

म्हणलं, "नाही साहेब. कोणी काही बोललेलं नाही म्हणूनच आज देतेय."

४ महिन्यांचा अवधी दिलाय. सध्या दर शनिवारी दोघी मुलींना संडे स्कूलचं रजिस्टर आणि वर्गांची वाटणी समजावून देतेय, त्यातली एक माझ्याच पहिल्या बॅचची आहे.