रोहू-कटल्यावर लाल व्रण: परमँगनेट की ऑक्सिटेट्रासायक्लिन?

अंगावर लाल चट्टे, सुटणारे खवले, फुगलेले पोट: गोड्या पाण्यात यामागे बहुधा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू असतो. त्याचे एरोलायसिन हे विष पेशींच्या आवरणाला भोके पाडते, म्हणून रक्तस्राव आणि व्रण.

पोच: पोटॅशियम परमँगनेट (जांभळे जंतुनाशक) पाण्यातले आणि कातडी-कल्ल्यांवरचे जिवाणू मारते, रक्तात शिरलेल्यांपर्यंत पोचत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आतपर्यंत जाते, पण खाद्यातूनच. पाण्यात टाकाल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून वाया जाते. आणि खाणे सोडलेला मासा औषध घेणार कसे?

मात्रा: परमँगनेट घनमीटरला 2 ग्रॅम. 10 गुंठे, 1 मीटर खोल तळ्याला साधारण 2 किलो, प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून सकाळी शिंपडायचे. रंग तासाभरात तपकिरी झाला तर गाळानेच औषध खाल्ले असे समजा. शेवाळ मरून ऑक्सिजन घटतो, म्हणून एरेटर (पाण्यात हवा सोडणारे यंत्र) चालू हवा.

ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या किलोमागे रोज 75 मिलिग्रॅम, 10 दिवस. 500 किलो माशांना रोज 37.5 ग्रॅम शुद्ध औषध. पुडीत 50 टक्केच असेल तर दुप्पट. थोड्या तेलात कालवून खाद्यावर चोळा. चौथ्या दिवशी मरतूक थांबली म्हणून बंद केले, की प्रतिकारक जिवाणू उरतात.

वरवरचे व्रण असतील किंवा काढणी तोंडावर असेल तर परमँगनेट. पोट फुगलेय, मासे अजून खातायत आणि विक्रीला महिनाभर तरी अवकाश आहे, तर तपासणी करून ऑक्सिटेट्रासायक्लिन.