मागच्या दोन्ही फिन डाव्या निघाल्या: काइटच्या सर्फबोर्डवर एका मोसमाचा अनुभव

काइट म्हणजे मोठा पतंग; तो ओढतो त्या सर्फबोर्डवर उभं राहून मी पाण्यावर फिरतो. बोर्डाच्या तळाला, शेपटाकडे लागणारी छोटी पाती म्हणजे फिन. पार्सल आलं तेव्हा पाच फिन मोजल्या (पुढच्या दोन, मागच्या दोन, मधली एक) आणि कपाटात ठेवल्या. नीट बघितल्या नाहीत, हे चुकलंच. फेब्रुवारीत मोरजीच्या वाळूवर बोर्ड उलटा टाकून फिन लावायला बसलो, तर मागच्या दोन्ही डाव्या. उजवी नाहीच. धुळ्याहून मनमाड, मनमाडहून गोवा एक्सप्रेस, पावणेसहा फुटी बोर्डाची पिशवी बर्थखाली सरकवत इतक्या लांब आलेलो. संचाचे ९,२०० रुपये आधीच मोजलेले.

विक्रेत्याचं उत्तर आलं, "सर, मागच्या दोन्ही सारख्याच असतात, कुठेही लावा." काही संचांत मागच्या फिन दोन्ही बाजूंनी सारख्या फुगीर असतात, हे खरं. माझ्या तशा नाहीत. पोलादी फुटपट्टी आडवी धरली की एक बाजू सपाट आणि दुसरीला पोट, हे लख्ख दिसतं. सपाट बाजू आत, म्हणजे बोर्डाच्या मध्यरेषेकडे हवी. डावी फिन उजवीकडे लावली तर सपाट बाजू बाहेर येते आणि जोर उलट्या दिशेला लागतो. मी साक्रीकडच्या पवनचक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती करतो. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर दोराला लटकून पात्याच्या कडा चाचपणं हेच रोजचं काम. फिन म्हणजे तळहाताएवढं पातंच, तेही फायबर आणि रेझिनचंच. ते उलटं चालतं असं मला सांगणाऱ्याला मी सोडणार नव्हतो. फुटपट्टीसकट सात फोटो पाठवले, रोज एक मेसेज केला. उजवी फिन यायला पाच आठवडे लागले.

त्यामुळे गोव्याची पहिली फेरी सक्तीने थ्रस्टरवर गेली: पुढे दोन, मागे मधोमध एक. ही मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सर्फर सायमन अँडरसनने १९८० मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी बेल्स बीचची स्पर्धा तिच्यावर जिंकली. पण साध्या सर्फिंगमध्ये वेग लाटेतूनच काढायचा असतो. आपल्याला काइट सतत आडवं ओढत असते, बोर्डाची एक कड कायम पाण्यात दाबलेली असते. मला मिळालेला वारा दुपारनंतरचा, वायव्येचा, १२ ते १५ नॉट. वजन ७२ किलो, काइट १२ चौरस मीटरची. तेवढ्या वाऱ्यात मधली फिन ब्रेकसारखी वाटली. वाऱ्यावर चढायला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं सरकायला जायचो आणि दर दोन फेऱ्यांनी पन्नास पावलं चालत मागे यायचो.

बोर्डाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या फिन मात्र कुणी वापरू नका. एक व्हाइसमध्ये धरून टोक अंगठ्याने दाबलं, बोटभर वाकलं. कड दाबली की पाण्यातही ती तशीच वाकणार आणि तुम्ही वाऱ्याखाली घसरणार. मापासाठीही घाई नको. विक्रेता मला लार्ज देत होता. मी वजनाप्रमाणे मीडियमच घेतलं, ते बरोबर ठरलं. वारा वाढला की एक माप लहानही चालतं, कारण वेगच पकड देतो.

आता स्क्रू. हा विषय मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा दीड दिवस त्याने खाल्ला. माझ्या बोर्डावर दोन खुट्यांच्या फिन आहेत आणि प्रत्येक खुटीला एक बारीक ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला, षटकोनी खाचेचा. चावी धुळ्यालाच राहिली. मांद्र्याला एकाकडून २ मिमीची ॲलन की मागून आणली. थोडी ढिली वाटली, तरी फिरवली, आणि स्क्रूची खाच गोल झाली. फिन निघेना, घट्टही होईना. शेवटी टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलकेच ठोकून बसवला आणि उलटा फिरवून स्क्रू काढला. धुळ्यात आग्रा रोडवरच्या हत्यारांच्या दुकानात तो दाखवला, तर दुकानदार बघताक्षणी म्हणाला, "याले इंची चावी लागस, भाऊ." माप ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमी. २ मिमीची आत गरगरते, अडीचची जातच नाही. चाळीस रुपयांची चावी! तेव्हापासून तीन घेऊन ठेवल्यात: एक बोर्डाच्या पिशवीत, एक पाकिटात, एक घरी. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. आणि आवळताना जीव काढू नका. स्क्रू अडला की थांबा, नाहीतर बोर्डातलं फिन बसायचं घर तडकतं, आणि ते काम चाळीस रुपयांत होत नाही.

मार्चच्या मध्यावर उजवी फिन आली आणि क्वाड लागला: पुढे दोन, मागे दोन, मधली नाही. पहिल्याच दुपारी फरक कळला. मागच्या दोन फिन मधोमध नसून कडेजवळ असतात. कड दाबली की त्या बाजूच्या दोन्ही फिन खोल पाण्यात राहतात आणि बोर्ड रुळावर असल्यासारखा वाऱ्यावर चढतो. चार दिवसांत एकदाही किनाऱ्यावरून चालत यावं लागलं नाही. परत येताना गाडीतूनच तीन मित्रांना कळवलं: मधली फिन विकून टाका.

एक आवाज मात्र डोकं उठवत होता. वेग घेतला की पायाखालून गुणगुण यायची, तळपायाला झिणझिण्या जाणवायच्या. कारण ओळखीचं होतं. मागची कड जाड आणि बोथट असली की तिच्यामागे भोवरे सुटतात आणि फिन थरथरते. पवनचक्कीचं पातंही असंच शिटी घालतं. २२० आणि मग ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश कागद घासून कड सरळ आणि एकसारखी बारीक केली. गुणगुण थांबली.

एप्रिलमध्ये मत बदललं. त्या आठवड्यात दोन दिवस कमरेएवढ्या, स्वच्छ लाटा होत्या. काइट वर ठेवून लाटेवर उतरायचं, तळाशी वळायचं आणि माथ्यावर झटक्यात परत फिरायचं. क्वाडवर तळाचं वळण सुंदर येत होतं, पण माथ्यावर शेपूट कधी धरायची, कधी सटकायची. दुपारी मागच्या दोन काढून मधली लावली. योग्य चावी होती, पाच मिनिटं लागली. बोर्ड मागच्या पायाखालीच फिरायला लागला, प्रत्येक वेळी सारखाच. फेब्रुवारीत जी फिन ब्रेक वाटली, तीच इथे आधार झाली. त्या तिन्ही मित्रांना पुन्हा कळवलंय: विकू नका. सपाट पाणी आणि कमी वारा असेल तर क्वाड, लाट असेल तर थ्रस्टर. दोन वेगळे संच न घेता पाच घरांचा बोर्ड आणि पाच फिनचा एकच संच पुरतो.

त्या विक्रेत्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही. तुम्ही कुठूनही घ्या, पार्सल आलं त्याच दिवशी प्रत्येक फिनला फुटपट्टी लावून बघा. मागची डावी, मीडियम, दोन खुट्यांची एक फिन माझ्याकडे जादा पडून आहे, अजून पाण्याला लागलेली नाही. कुणाची डावी समुद्रात गेली असेल तर सांगा, कुरिअरच्या खर्चात पाठवतो.